सोललेला ग्लोव्ह

दुपारी जेवण जरा जास्त झालं की मी क्लबातल्या बाकावरच आडवा होतो. पंखा फिरतो आहे. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारतं आहे, एकदा, दोनदा. तिसरी किक ऐकू येत नाही. माझ्या पायथ्याशी याकोब साळवे बसला आहे, एकोणीस वर्षांचा. मी साठी ओलांडली, त्याची वीस वर्षंही भरली नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी खडकीतल्या बॉक्सिंगच्या एका लढतीत माझा उजवा ठोसा त्याच्या कानाच्या वर बसला आणि तिसऱ्या दिवशी तो इस्पितळात वारला.

"हात दे," तो म्हणतो.

मी देतो. आमच्या क्लबाची तशी रीतच होती. एकमेकांशी लढायचं असलं तरी ग्लोव्हखालची हाताची पट्टी एकमेकांनीच बांधायची. याकोब ती कायम उलटी बांधायचा, करंगळीकडून सुरू करून गाठ तळहातात आणायचा. मग मूठ नीट वळायची नाही. वस्ताद शिव्या घालून थकले, हा पठ्ठ्या काही सुधारला नाही.

भिंतीवर माझ्याकडे शिकणाऱ्या पोरांचे ग्लोव्हज टांगले आहेत. मी तोऱ्यात त्याला दाखवतो, की यांचा अंगठा शिवलेला आहे, कुणाच्या डोळ्यात जात नाही, आणि आतला फोम जागचा हलत नाही. तो उठून खुंट्यांच्या कडेने चालू लागतो. भिंत संपतच नाही. पुढे नाडीचे ग्लोव्हज, मग घोड्याचे केस भरलेले आमच्या वेळचे, मग चामड्याच्या नुसत्या वाद्या, मग सुती चिंध्या. शेवटची खुंटी रिकामी आहे आणि तिच्याखाली इस्पितळाची लोखंडी खाट.

"उघड्या मुठीनं मारताना माणूस भ्यायचा," याकोब खाटेवर बसत म्हणतो. "स्वतःचीच बोटं मोडायची ना. हे सगळं हात वाचवायला शिवलंय, किश्या. डोक्याचा विचार कुणी केलाय?"

उशीवर माझा त्या दिवशीचा ग्लोव्ह आहे. मी तो उचलत नाही. लढतीआधी असा ग्लोव्ह मांडीवर घ्यायचा आणि आतले पुढचे केस अंगठ्याने चेपत चेपत मनगटाकडे सारायचे, म्हणजे बोटांच्या हाडांवर नुसतं चामडं उरतं. याला आम्ही ग्लोव्ह सोलणं म्हणायचो. पंच वरवर बघून सोडून द्यायचे.

"मी सोलला होता," मी म्हणतो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा हे तोंडाबाहेर पडतं, आणि तेही मेलेल्या माणसापुढे, याची मला लाज वाटते.

"पहिल्याच फेरीत कळलं मला."

"मग पंचांना का नाही सांगितलंस?"

"तुला काढून टाकलं असतं. मग माझी पट्टी कुणी बांधली असती?"

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग तो आईचं विचारतो. रूथमावशी पलीकडच्या गल्लीतच राहते, आता ब्याऐंशीची आहे. दर नाताळाला मी जातो, ती फराळाची बशी पुढे करते आणि दर वेळी तेच बोलते: तान्हा असताना माझ्या हातून पडला होता रे, तेव्हापासूनच डोकं कच्चं राहिलं असेल. मी मान खाली घालून करंजी खातो. हे मी याकोबला सांगतो, काही न लपवता.

तो परत माझा हात घेऊन पट्टी गुंडाळू लागतो.

"तिला सांग."

"नाताळाला सांगतो."

"नाताळापर्यंत ती राहत नाही, किश्या."

तो गाठ ओढतो. हातात कळ येते. बाहेर स्कूटर एकदाची सुरू होते.

मी बाकावर उठून बसतो. उजवा हात बधिर झाला आहे. हातावर काही नाही, पण करंगळीपासून मनगटापर्यंत कापडाची वीण कातडीवर उमटली आहे आणि तळहातात गाठीएवढा खळगा पडला आहे. नळाखाली धरतो, चोळतो. खूण जात नाही, मूठ वळत नाही.

पाच वाजता पोरं येतील. आज त्यांना दाराला कुलूप दिसेल. मी ते डाव्या हाताने लावतो आणि रूथमावशीच्या गल्लीत वळतो.