सवाष्णींचा ताप आणि आक्कांची लस

व्रतवैकल्यं करणाऱ्या बायका एकत्र आल्या की देव्हाऱ्यात निर्माल्य साचावं तसे किस्से साचतात. वेळेवर काढले नाहीत तर वास सुटतो! आमच्या दहिवलीच्या मंडळाचे हे थोडे, तोंडाला पदर लावून सांगते.

*

गेल्या श्रावणातल्या शुक्रवारी माझ्याकडे सवाष्णी जेवायला होत्या. शेजारची मंदा अंगात ताप घेऊनच आली. नाक लाल, डोळ्यांना धार.

"अगं, झोपायचं ना घरी!"

"वैनी, सवाष्णीनं आमंत्रण मोडायचं नसतं. एक पान कमी पडलं तर तुमचं व्रत?"

मला गहिवरूनच आलं! मी तिची ओटी भरली आणि ती माझ्या तोंडावर शिंकली. पुढच्या शुक्रवारी जिवतीची आरती म्हणायला कुणाचाच आवाज शिल्लक नव्हता. पुण्य किती मिळालं ते देव जाणे, प्रसाद मात्र सगळ्यांना सारखा वाटला गेला!

*

सगळ्यांना म्हणजे पंगतीत नसलेल्या मालूआक्कांनाही. आक्का मूळच्या पोशीरच्या, वयानं आमच्यात सगळ्यात मोठ्या. नवरा गेल्यापासून सवाष्णींच्या पानावर त्यांना कुणी बोलावत नाही. बोलावतो ते पुरणपोळ्या लाटायला. थंडी वाजते म्हणून मंदा स्वयंपाकघरात त्यांना खेटून बसली होती. आमची दुखणी आठवड्यात सरली. आक्कांना आधीच दमा, त्यांना कर्जतच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, ताप-खोकला असलेल्या कुणाजवळ बसला होतात का?"

आक्कांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मंदाकडे.

"नाय गं बाय. वारं लागलं आसंल."

मी भिंतीवरचं बाळाचं पोस्टर वाचत राहिले. दोनदा वाचलं!

*

त्याच दवाखान्यात बाईंनी आम्हाला बसवून सांगितलं, "हे साधं पडसं नव्हे, फ्लू आहे. दमेकरी, साखरवाले, म्हातारी माणसं, पोटुशी बाई यांच्या छातीत उतरतो. लस दरवर्षी घ्यायची. आजींना पुन्हा असा फ्लू झाला, तर निभावेलच असं मी सांगू शकत नाही."

मंदा म्हणाली, "कोरोनाची घेतलीय की आम्ही!"

"तो आजार वेगळा, हा वेगळा."

"मग ही पण घेऊन टाकू एकदाची. दरवर्षी कशाला?"

"कारण हा विषाणू रूप बदलतो, म्हणून लसही नवी येते. तुम्ही वडाला दोरा गुंडाळता ना? मागच्या वर्षीचा असतोच की झाडावर. मग नवा कशाला?"

मंदानं पहिल्यांदाच तोंडावर रुमाल धरला. खोकला नव्हता तरी!

*

यंदा पावसाच्या तोंडाला सगळ्यांनी लस घ्यायची ठरली. दिवस आला नेमका गुरुवार. अर्ध्या जणींचा उपास! उपासाला सुई चालते का? मी गुरुजींना फोन लावला. म्हटलं, काही शास्त्राधार देतील.

गुरुजी म्हणाले, "मी परवाच टोचून घेतली. आणि वहिनी, गेल्या श्रावणात माझ्या घरी खोकत आला होतात, तेव्हा नाही ते शास्त्र विचारलंत!"

*

त्या गुरुवारी आक्का आमच्याबरोबर आल्या आणि बाहेरच्या बाकावर बसल्या. नर्सनं आधी त्यांनाच हाक मारली.

"आदी सवाष्णींचं होऊ दे," आक्का म्हणाल्या.

आणि आम्ही झालो की पुढे! सवयच ती. एकेक जण दंड चोळत बाहेर आली तेव्हा बाक रिकामा होता. आक्का चालत घरी गेल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी दारातून विचारलं, "जिच्यासाठी हे सगळं केलंत, ती कुठे आहे?"

पायपुसणीवर इतक्या जणींनी एकदम नजर लावलेली मी कधी पाहिली नव्हती.

*

दुसऱ्याच दिवशी मंदाला सर्दी. "घेऊन उपयोग काय झाला?" म्हणून ती माझ्या सुनेवरच चढली. सून खोपोलीला कंपनीत जाते, वाचून असते.

"मावशी, लस अंगी लागायला दोनेक आठवडे जातात. आणि ही फ्लूची आहे, प्रत्येक शिंकेची नाही. त्यातूनही फ्लू झालाच, तर दवाखाना गाठायची वेळ सहसा येऊ नये, म्हणून घ्यायची."

मंदानं विचार केला. "म्हणजे सोळा सोमवारांसारखं. पहिल्याच सोमवारी फळ मागायचं नाही!"

"अगदी तसंच!"

देवा, मंदाला पटलं म्हणजे जगाला पटेल!

*

श्रावण जवळ येत चालला तशी माझी झोप उडाली. मंदाला घेऊन आक्कांच्या घरी गेले.

"माजं आता काय ऱ्हायलंय? ती लस एकाद्या पोटुशीला द्या."

"आक्का, दोघींना पुरेल एवढी आहे!"

"नाय गं, उगा कुनाच्या पुढं पुढं करायचं?"

शेवटी मी त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही. रिक्षात बसवलं, दवाखान्यात नेलं. आमच्या मंडळाच्या बायका आपापल्या घरच्या म्हाताऱ्यांना लस द्यायला आणून आधीच रांगेत उभ्या होत्या. आत शिरताच मंदा ओरडली, "सरका गं सगळ्या! पहिला मान आक्कांचा!"

वाट झाली. आक्का खुर्चीवर बसल्या. नर्सनं दंडाला कापूस लावला. आक्कांनी आम्हा सगळ्यांची हळदीकुंकवाची कपाळं एकेक करून बघितली आणि म्हणाल्या,

"धनी गेल्यापासनं पयला मान दिलात गं बायांनो, आन् तो बी सुईचा!"