अक्कांच्या नावावरचं कार्ड

नोकरीत शेकडो अर्ज हाताखालून गेले. बहुतेक आता आठवत नाहीत. एका शिलाई कारखान्यातल्या बाईंचा अर्ज मात्र आठवतो, आणि आठवला की बरं वाटत नाही. गुन्हा करणारा चार दिवसांत सापडला होता. तरीही माझ्या हातून चुकलेलं प्रकरण म्हणून मी हेच सांगते.

मी तेव्हा सोलापूर शहरातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होते. सकाळची हजेरी आटोपत होती, तेव्हा ठाणे अंमलदारांनी या बाईंना माझ्याकडे पाठवलं. वय चाळिशीचं, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर, घरी तेलुगू बोलणाऱ्या. लग्न केलं नव्हतं. वडील गेल्यावर धाकट्या भावाला यांनीच वाढवलं, त्याचं लग्नही लावून दिलं. भाऊ त्यांना अक्का म्हणायचा. नाव लिहायचं नाही, म्हणून मीही अक्काच म्हणते.

अक्कांनी शहराजवळच्या कुंभारीत एक छोटा फ्लॅट बघितला होता. इतकी वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत भावाच्या संसाराबरोबर काढली, आता स्वतःचं दार हवं होतं. बुकिंगचे पैसे भरले होते. दोन महिन्यांत कर्ज मंजूर झालं नाही तर बिल्डर तो फ्लॅट दुसऱ्याला देणार होता. आणि बँकेने कर्ज नाकारलं होतं, कारण त्यांच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये एका क्रेडिट कार्डाची मोठी थकबाकी दिसत होती.

"मॅडम, कार्ड कसलं असतं ते मी बघितलंसुद्धा नाही. पगार झाला की पैसे काढते, किराणा भरते. संपला विषय."

आमचे हवालदार नातेपुत्याकडचे. ते बाजूला उभे राहून ऐकत होते. "मॅडम, पूर्वी चोर कुलूप तरी फोडायचा. आता बाईला न विचारताच तिच्या नावावर उधारी. लई सुधारणा झाली की."

मी त्यांना गप्प केलं, स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि कार्ड देणाऱ्या बँकेला पत्र पाठवून अर्जाची प्रत आणि व्यवहारांचा तपशील मागवला.

तिसऱ्या दिवशी कागद आले. अर्जावर फोटो अक्कांचा, सही त्यांची नव्हती. त्यावरचा मोबाईल नंबर तपासला, तर सिमकार्ड अक्कांच्याच नावावर निघालं. हवालदार माझ्याकडे बघायला लागले. बाई खोटं बोलतेय, असं मलाही क्षणभर वाटलं.

"हा नंबर तुमचा?"

"नाही. माझा दुसराय."

"सिम तुमच्या आधारवर घेतलंय."

"घरातली सगळीच माझ्या आधारवर आहेत, मॅडम. भावाच्या आधारला जन्मतारीख चुकलेली, वहिनीचं माहेरच्या नावाचं. माझेच कागद तेवढे सरळ. म्हणून गॅस माझ्या नावावर, मीटर माझ्या नावावर, सिम पण."

व्यवहारांचा तपशील त्यांच्यासमोर ठेवला आणि ओळखीचं काही दिसतं का विचारलं. त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. पेट्रोल, मोबाईलचं दुकान, बूट. एका साडीच्या दुकानाशी बोट थांबलं. तारीख राखी पौर्णिमेच्या आदल्या दिवसाची होती.

"ही साडी मला दिली त्याने," त्या म्हणाल्या. "राखीला."

पुढे काही विचारावं लागलं नाही.

भावाला दुपारी बोलावून घेतलं. तिशीचा तरुण, मोबाईलची कव्हरं विकायचा छोटा धंदा. मी आवाज चढवला नाही. अर्ज पुढे ठेवला आणि सही कोणाची एवढंच विचारलं. आधी त्याने कार्डाच्या एजंटचं नाव सांगितलं, मग मित्राचं. मी कोरा कागद दिला आणि अक्कांचं नाव दहा वेळा लिहायला सांगितलं. चौथ्या वेळी त्याने पेन खाली ठेवलं.

"मीच केली. एजंट म्हणाला, तुझं उत्पन्न दिसत नाही, घरात पगारदार कोण आहे? ओटीपी माझ्याच फोनवर यायचा. कार्ड आलं तेव्हा अक्का कारखान्यात होती."

"मग भरलं का नाहीस?"

"भरत होतो की, मॅडम! दर महिन्याला मिनिमम भरलाय. वर्षभर. तरी आकडा वाढतच गेला. मग सोडून दिलं."

मिनिमम भरलं की झालं, असा कार्डावर खर्च करणाऱ्या निम्म्या लोकांचा समज असतो. बिलावर छापलेली किमान रक्कम भरली की फक्त उशिराचा दंड टळतो. उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहतं, आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून लागतं. हे त्याला माहीत नव्हतं. कायद्याने त्यात फरक पडत नाही. फसवणूक आणि बनावट सही, दोन्ही दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी गुन्हा नोंदवायलाच हवा असे.

अक्का बाहेरच्या बाकावर बसून ऐकत होत्या. आत आल्या. "कार्ड माझ्या नावावर, आणि साडी नेसवतोस मला? माझ्याच पैशांची?"

"अक्का, मी फेडणार होतो."

"कधी? मी मेल्यावर?"

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, याला आत टाकलं तर याच्या पोरीकडे कोण बघणार? मीच ना?"

इथे मी चुकले. फिर्याद घेऊन गुन्हा दाखल करायला हवा होता. पण भाऊ-बहिणीचं प्रकरण ठाण्यातच मिटवायची आम्हा पोलिसांना सवय असते. त्यात आपण चांगलं काम करतोय असं वाटतं, आणि एक तपासही वाचतो. मी कार्डाच्या बँकेच्या वसुलीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, निम्मी रक्कम एकदम भरा, खातं सेटल करून टाकू. मला ते फारच सोयीचं वाटलं. भावाने मोटारसायकल विकली, बायकोची चेन मोडली, आठ दिवसांत पैसे भरले. खातं मिटल्याचं बँकेचं पत्र आलं. अक्कांचा जबाब मीच सांगून लिहून घेतला: आपसात समेट झाला असून माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. त्यांनी सही केली. अर्ज निकाली काढला. अक्कांनी ठाण्यात पेढे वाटले आणि हवालदारांनी दोन घेतले.

महिन्याभराने त्या परत आल्या. कर्ज पुन्हा नाकारलं होतं.

मी स्वतः त्यांच्याबरोबर गृहकर्जाच्या बँकेत गेले. मॅनेजरने रिपोर्ट दाखवला. कार्डापुढे 'सेटल्ड' अशी नोंद होती.

"म्हणजे मिटलं ना?" मी विचारलं.

"नाही मॅडम. म्हणजे यांनी कर्ज पूर्ण फेडलं नाही, बँकेने उरलेल्या रकमेवर पाणी सोडलं. नवं कर्ज देताना हे वाईटच दिसतं. पूर्ण भरलं असतं तर 'क्लोज्ड' आलं असतं. आणि कार्ड यांनी घेतलंच नव्हतं, तर भरायचंच कशाला? गुन्ह्याची प्रत जोडून हरकत घ्यायची, चौकशी होऊन नोंद निघते. प्रत आहे का?"

प्रत नव्हती. गुन्हाच दाखल नव्हता. उलट तक्रार नसल्याचा त्यांच्याच सहीचा जबाब होता, आणि पैसे भरून ते कर्ज त्यांचंच असल्यासारखं झालं होतं.

मी धावपळ केली. वरिष्ठांना सांगून गुन्हा दाखल करायची तयारी दाखवली, बँकेला पत्रं लिहिली. वरिष्ठांची परवानगी आणि बँकेची उत्तरं येईपर्यंत बिल्डरची मुदत संपली. फ्लॅट दुसऱ्याला गेला. बुकिंगमधूनही कापून पैसे परत मिळाले.

तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगते. आपला क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढून बघा. अनोळखी खातं दिसलं तर पैसे भरू नका, आधी लेखी हरकत घ्या. आपल्या नावाचं सिम दुसऱ्याच्या फोनमध्ये ठेवू नका, सख्खा भाऊ असला तरी. आणि पोलिसांनी दखलपात्र गुन्ह्यात समेट घडवू नये. हे मी नोकरीच्या सुरुवातीलाच शिकले होते, आणि तरी केलं.

फ्लॅट गेल्यावर अक्का एकदा ठाण्यात आल्या, अर्जाला जोडलेली बुकिंगची पावती परत न्यायला. मी त्यांना बसवलं आणि हवालदारांसमोर स्पष्ट सांगितलं, की चूक माझी होती. गुन्हा दाखल करायचा असेल तर अजूनही करता येईल.

"आता कशाला, मॅडम?" त्या म्हणाल्या. "त्या दिवशी केला असता, तर फक्त भाऊ गेला असता. आता बोलणंच नाही आमच्यात. तो बायको-पोरीला घेऊन सासुरवाडीला राहतो. भाऊ पण गेला, घर पण गेलं."

त्यांनी पावती घडी करून पर्समध्ये ठेवली आणि निघाल्या. दुपारची पाळी होती, उशीर झाला तर त्यांचा खाडा धरून पगार कापला जायचा.