मागच्या सीटवरची घोरपड

शाळेच्या बसमधल्या मावशींना नाव होतं, पण एकोणीस वर्षांत ते कुणी विचारलं नव्हतं आणि मावशींचंही त्यावाचून काही अडलं नव्हतं. मुलं चढवायची, बसवायची, भांडणं सोडवायची आणि शाळेच्या फाटकाशी झोपलेल्यांना उठवायचं, हे त्यांचं काम. सकाळच्या बसमध्ये निम्मी मुलं पेंगत असत. दहावीची तर खिडकीला कपाळ टेकवून अशी पडत, की ही शाळेला निघालीत की शाळेतून आलीत, कळू नये. "रात्रभर पहारा देता का रे?" म्हणत मावशी एकेकाच्या गुडघ्यावर टिचकी मारत. आपल्या गाडीत आजवर एकही मूल राहिलेलं नाही, हे त्या ज्याला त्याला ऐकवत, न विचारता.

मागच्या लांब सीटवर तिसरीतली एक मुलगी बसे. बसे कसली, चढली की आडवी. तोंड उघडं, मान मागे टाकलेली, आणि एवढ्याशा जिवाचं घोरणं सगळ्या गाडीला ऐकू जाई. तिचं नाव घोरपड ठेवलं ते मावशींनीच. मुलांनी ते लगेच उचललं. ती वर्गातही पेंगे, कारण नसताना चिडे, पाढा अर्ध्यावर विसरे. बाईंनी वहीत शेरा दिला, 'आळशी'. मावशी तो वाचून हसल्या. पोरीनं वही दप्तरात खोल दडपली.

घोरपडीच्या घोरण्यात एक गंमत होती. मध्येच आवाज बंद पडे. छाती हलायची, पण श्वास नाही. मग बुडता बुडता वर आल्यासारखी ती हिसका देऊन हवा ओढी आणि घोरणं पुन्हा सुरू. सिग्नलला बस थांबली की मावशी आणि ड्रायव्हर त्या बंद वेळाचे आकडे मोजत. "इंजिन बंद पडलं मावशी, धक्का मारा!" उतरताना ड्रायव्हर तिला सांगे, "शाबास, आज दहा!" पोरगी डोळे चोळत हसायची. तिला एरवी दहा कोण देणार? दोन वर्षं हा खेळ चालला आणि त्यात काही वाईट आहे असं मावशींना कधी वाटलं नाही. घोरतंय म्हणजे पोर गाढ झोपलंय, अशीच त्यांची समजूत होती.

गुडघे दुखायला लागल्यापासून मावशी शेवटच्या सीटपर्यंत जातही नसत. आवाज आला तर घोरपड आहे, नाही आला तर उतरली. कानानं मोजायचं, पाय वाचवायचे.

त्या मंगळवारी फाटकाशीच दोन मुलांची जुंपली, एकाचं नाक फुटलं. मावशींनी रक्त पुसलं, दोघांना आत पिटाळलं आणि दारात उभं राहून मागे कान दिला. शांत. उतरली असेल गर्दीत. त्यांनी दार ओढून घेतलं. ड्रायव्हरनं काचा लावल्या आणि गाडी मैदानाच्या कडेला, उन्हात उभी केली.

साडेदहाला गाडी धुवायला आलेल्या माणसाला ती सीटखाली सापडली. घसरून पडली होती तरी जागी झाली नव्हती. अंग तापलेलं, ओठ फाटलेले. ओरडतच तिला त्यानं बाहेर आणलं.

जीव वाचला. संध्याकाळी दवाखान्याच्या खोलीत ती सलाईन लावून पडली होती. पायाशी आई, दाराशी मावशी आणि ड्रायव्हर.

"एवढ्या गोंगाटात आठ वर्षांचं मूल उठत कसं नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "घरी झोप होते ना नीट?"

"दहा दहा तास झोपते," आई म्हणाली. "छान घोरत."

"झोपेत श्वास थांबतो का मध्येच?"

"कुणास ठाऊक. आम्ही दोघं कामावरून येऊन मेल्यासारखे पडतो."

"हिचे टॉन्सिल एकमेकांना टेकलेत. श्वास अडला की शरीर तिला उठवतं. रात्रभर तेच चालत असेल तर ही पोर दहा तास नुसती पडून राहते, झोपत नाही. मग दिवसा ती पेंगणार, चिडणार, विसरणारच. पुढच्या तपासण्या करूच, पण हे कुणी पाहिलंय का?"

ड्रायव्हरनं मावशींची बाही ओढली. "गप्प बसा. नोकरी तर गेलीच, आता आणखी काही ओढवून घेऊ नका."

मावशींनी बाही सोडवून घेतली. बोललं तर सगळं उघडं पडणार होतं आणि नाही बोललं तर पोर अशीच घोरत राहणार होती.

"थांबतो," त्या म्हणाल्या.

"किती वेळ?"

मावशींनी डोळे मिटले आणि सिग्नलला मोजत तसंच मोजलं, एक, दोन, तीन. अकरावर थांबल्या. "कधी दहा, कधी अकरा. रोज. दोन वर्षं."

डॉक्टरीणबाई लिहू लागल्या. आई मात्र मावशींकडे बघतच राहिली. सकाळपासून ती कुणावर ओरडली नव्हती.

"ती घरी येऊन सांगायची, आई, आज मला दहा मिळाले," ती म्हणाली. "मला वाटायचं, मार्क. मी शाबासकी द्यायचे तिला."