पाटोळे सर आणि तांब्याचं घंगाळ

पाटोळे सर हात धुवायचे ते राखेनं. सांगलीतल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत बेसिनपाशी साबणाची वडी असायची, पण हा रसायनशास्त्राचा प्राध्यापक घरून कागदाच्या पुडीत राख बांधून आणायचा. खिडकीकडचा कोपरा त्यांचा. तिथे साबण न्यायला सक्त मनाई. "साबण आला की तेल आन् पाणी गळ्यात गळा घालून बसत्यात," ते म्हणायचे, "मग माझ्या भुशानं उचलायचं कुणाला?"

भुसा म्हणजे त्यांचं संशोधन. उसाचं चिपाड बारीक करून त्याच्या धाग्यांवर ते एक पॉलिमर वाढवायचे. तयार झालेला भुसा पाण्यावर टाकला की पाण्याला शिवायचा नाही, तेल मात्र पिऊन फुगायचा आणि तरंगत राहायचा. झाऱ्यानं उचलावा, पिळावा, पुन्हा टाकावा. सात वर्षं, तास संपल्यावर, एकट्यानं त्यांनी हा उद्योग केला. पहिली चार वर्षं तर भुसा निमूटपणे बुडायचाच.

ते आटपाडीकडचे. त्यांच्या वस्तीला एकच विहीर, आणि तिच्यावर डिझेलचं इंजिन. इंजिन गळायचं, पाण्यावर तवंग धरायचा, आणि बायका घागरीच्या बुडानं तो तवंग बाजूला सारून प्यायचं पाणी भरायच्या. एक्याण्णव साली आखातातल्या युद्धात समुद्रात तेल सांडलं, तेलानं माखलेले पक्षी टीव्हीवर दिसले, तेव्हा स्टाफरूममध्ये सगळे हळहळले. पाटोळे सर चहा फुंकत म्हणाले, "आमच्या हिरीचं कवा दावणार म्हणायचं?"

मी त्यांच्याच विभागात शिकवायचो, मूळचा वाईचा. माझं मराठी शुद्ध, इंग्रजी बरं आणि संशोधन शून्य. वर्गात 'हाय' आणि 'न्हाई' बोलणारा हा माणूस माझ्याहून हुशार आहे हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं, आणि ते मी त्यांना कधी माफ केलं नाही. 'आटपाडीचे शास्त्रज्ञ' हे त्यांचं टोपणनाव मीच ठेवलेलं. त्यांनाही ते ठाऊक होतं. तरी डबा उघडला की पहिली भाकरी माझ्यापुढे सरकवायचे. "घ्या जोशी सर. तुमच्या त्या पोळीनं पोट भरत न्हाई, नुस्ती सवय भागती."

मग एकदाची मुंबईहून तज्ज्ञांची समिती यायची ठरली. समितीनं होकार दिला तर विहिरीला पुरेल एवढा भुसा करायची यंत्रं मिळणार होती. नकार दिला तर खिडकीकडचा कोपराही जाणार होता, कारण प्राचार्यांना तिथे कॉम्प्युटर मांडायचे होते. सरांनी त्या आठवड्यात दाढी केली नाही. "हुतंय बघा औंदा," एवढंच दिवसातून दहादा म्हणायचे.

पाहुण्यांची व्यवस्था माझ्याकडे होती. सर ज्यात पाणी भरून प्रयोग करायचे ते पत्र्याचं टोपलं काळं, पोचे आलेलं. मोठी माणसं येणार आणि त्यांच्यापुढे हे मांडायचं? मी घरून आमचं वाईचं तांब्याचं घंगाळ आणलं. आदल्या दिवशी ते चिंचेनं घासलं, आणि चकाकी मनासारखी येईना म्हणून वरून साबणाच्या पावडरीचा हात मारला. बाहेरून आरशासारखं झालं. आतून नीट विसळलं की नाही, हे बघायचं माझ्या मनातही आलं नाही. सर प्राचार्यांच्या खोलीत पाहुण्यांना घ्यायला गेले तेवढ्यात मी टोपलं हलवलं आणि त्याजागी घंगाळ पाण्यानं भरून ठेवलं.

सर पाहुण्यांबरोबर आत आले आणि दारातच थबकले. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "कशानं घासलंय?"

पाहुण्यांसमोर गोंधळ नको म्हणून मी म्हणालो, "चिंचेनं."

"चिंचेनं व्हय? मग काय हरकत न्हाई," ते म्हणाले आणि त्यांनी तेल ओतून वर भुसा टाकला.

भुसा क्षणभर तरंगला, मग भिजला आणि बुडाला. तेल दुधासारखं पांढरं होऊन पाण्यात पसरलं. सरांनी आणखी एक मूठ टाकून ढवळलं. तीही बुडाली. समितीचे अध्यक्ष हसून म्हणाले, "प्रोफेसर, तुमचा भुसा पोहायला विसरला वाटतं!" सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्यात मला बरं वाटत होतं, हे लिहितानाही लाज वाटते.

समितीला दुपारची गाडी होती. दुसरा प्रयोग बघायला कुणी थांबलं नाही.

काय झालं ते मला घंगाळ घरी नेऊन विसळताना कळलं. कडेला अजून फेस होता. दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं. मग नकाराचं पत्र आल्यावर सांगायचं ठरवलं. मग कोपरा रिकामा झाला, तिथे कॉम्प्युटर बसले, मी विभागप्रमुख झालो आणि सरांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. जाताना त्यांनी सगळ्यांचा निरोप घेतला, माझाही.

चार वर्षांनी मी आटपाडीला गेलो. सर खाटेवर होते, पार खंगलेले. मी बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पावडर, फेस, खोटं बोललो ते.

"मला तवाच कळलं की," ते म्हणाले. "ढवळल्यावर फेस आला न्हवं का."

"मग बोलला का नाहीत, सर?"

"मी बोलून काय उपेग? पाटोळ्यानं हरल्यावर सबब काढली म्हणली असती समदी. तुमी बोलायला पायजे हुतं. पयलं वरीस लय वाट बघितली तुमची. दार वाजलं की वाटायचं, जोशी सर आलं."

"मी आता लेखी देतो. कॉलेजला, समितीला."

"द्या की," ते म्हणाले. "मी कवा अडवलंय?"

माझं लेखी द्यायचं राहिलंच होतं, आणि त्याच हिवाळ्यात ते गेले. कॉलेजात शोकसभा झाली. विभागप्रमुख म्हणून पहिलं भाषण माझं होतं. त्यांच्या चिकाटीबद्दल बोललो, साधेपणाबद्दल बोललो, यश त्यांना हुलकावणी देत राहिलं असंही म्हणालो. लोकांनी माना हलवल्या. मग दोन मिनिटं सगळे उभे राहिलो, आणि मी मान खाली घालून गप्प राहिलो.