आईच्या घरात सखूबाई

१९५२ साली माझी आई, यशोदाबाई, नाचणगावच्या घरी न्हाणीत घसरून पडली. खुब्याला जबर मार बसला. शाळामास्तर असलेले वडील जाऊन चार वर्षं झाली होती आणि मी वर्ध्याला कारकून. मी तिला माझ्याकडे आणलं. खोली माडीवर, जिना उभा. दीड महिना आई खाली उतरली नाही. माझी बायको सुधा तिचं मनापासून करी, तरी आई दोन घास खाऊन ताट सारायची.

एक दिवस नाचणगावहून सखूबाई तिला भेटायला आली. गोंड समाजातली, साठीची, एकटी बाई. आमच्याकडे वर्षानुवर्षं सरपणाची मोळी टाकायची, एवढीच ओळख. आईजवळ जरा वेळ बसून मला म्हणाली, "भाऊ, मास्तरीणबाईले इथं काऊन ठेवलं? सुकून राह्यली ते."

"गावी तिच्याजवळ कोण राहील?"

"मी राहीन न. तिले दिसते चांगलं, मले कमी दिसते, पण माहे पाय चांगले हायेत. दोघीचं मिळून होते."

"माणिक, मले पोहोचवून दे," आई लगेच म्हणाली.

मी पोहोचवलं, पण मन साशंकच होतं. महिन्यानं गेलो तर न्हाणीतली गुळगुळीत फरशी काढून सखूबाईनं खडबडीत दगड बसवले होते. आईचे पाय जमिनीला टेकावेत म्हणून बाजेचे खूर कापून घेतले होते. उठताना धरायला आढ्याला दोर बांधला होता. मी शिकलेला मुलगा. यातलं एकही मला सुचलं नव्हतं.

चुली मात्र वेगळ्या होत्या. आई आत रांधायची, सखूबाई पडवीत. श्रावणात आईला ताप आल्याचा निरोप आला. मी पोहोचलो तेव्हा आई भिंतीला टेकून पेज पीत होती. सखूबाईनं ती आमच्याच चुलीवर शिजवली होती. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून विटाळाचं काही बोलत होत्या.

आई शांतपणे म्हणाली, "तीन दिवस ताप होता, वहिनी. तुम्ही आल्या नाई."

काकू निघून गेल्या. तेव्हापासून घरात एकच चूल पेटली.

आई त्यानंतर सहा वर्षं जगली. काठी घेऊन गावात हिंडली, तिनं सखूबाईला सही करायला शिकवलं. सखूबाईनं तिला गोंडी शिकवली. माझ्यादेखत दोघी त्या बोलीत काहीतरी बोलायच्या आणि हसत सुटायच्या. मला अजून कळलेलं नाही त्या काय म्हणायच्या.

१९५८च्या हिवाळ्यात आई झोपेतच गेली. तेराव्यानंतर सखूबाईनं आपलं गाठोडं बांधलं.

"कुठं निघाली?" मी विचारलं.

"घर तुमचं हाय, भाऊ."

सुधानं तिच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि आत नेऊन ठेवलं. सखूबाई परत पडवीत टेकली. मग म्हणाली, "रामबाईले आणू का? देवळाच्या ओसरीत निजते बिचारी. तिले दिसत नाई."

"आण," मी म्हटलं.

दुपारी ती रामबाईला हात धरून घेऊन आली. न्हाणी कुठं, चूल कुठं, ते तिच्या हातानं चाचपून दाखवत घरभर फिरवलं.

मी संध्याकाळच्या गाडीनं परतलो. सखूबाईच्या पाया पडायचं राहूनच गेलं होतं. पुढच्या खेपेला पडलो. ती फार अवघडली आणि मला जेवायला बस म्हणाली.