मामाच्या तोंडातल्या टाचण्या

शिंपीमामा मामीशी बोलत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. कारणही तयार होतं. मामीच्या लग्नातला ब्लाउज मामानेच शिवला, तो काखेत घट्ट झाला आणि मामी चारचौघांत म्हणाली, "माप घेता येत नाही, आणि म्हणे मास्तर." तेव्हापासून मामाने तोंडात टाचण्या धरल्या, त्या धरल्याच.

गोष्ट अशी काही मापात बसलेली होती की उसवून बघावी असं कुणाला वाटलंच नाही. भाचीला तर मुळीच नाही. तिला सगळे रेडिओ म्हणत, कारण कुणाचाही आवाज ती हुबेहूब काढायची. ओठांत काड्या धरून ती मामाची नक्कल करायची: "हंऽ. हात वर. वळ. हंऽ, गुरुवारी." लोक पोट धरून हसायचे. मावसबहिणीच्या लग्नात भर मंडपात ती मामाच करणार होती.

लग्नाच्या आदल्या दुपारी नवरीच्या घागऱ्याची खालची कड मुडपता मुडपता मामाने तिला बोटाने जवळ बोलावलं. कुणीतरी चहाडी केली होती.

"उद्या... मी?" टाचण्यांआडून मामा.

"लोकांची फर्माईश आहे रे."

"हंऽ. पैज." त्याने सुईनेच पडद्याकडे दाखवलं. पडद्यामागे स्वयंपाकघर, तिथे मामी. "माझ्या आवाजात... हाक. फसली, तर कर. नाही, तर नाही."

"तू तर तिच्याशी बोलतच नाहीस."

"हंऽ," मामा म्हणाला, आणि टाके घालू लागला.

रेडिओ खूश. इतक्या वर्षांनी नवऱ्याची हाक आली तर मामी हातातलं भांडं टाकून धावेल. तिने ओठ आवळले, नाकातून आवाज काढला, "हंऽ... ऐक गं."

आतून उत्तर आलं, "काय गं रेडिओ, भूक लागली?"

मामाचे खांदे हलले. तो हसत होता.

"ओळखलंस कसं?" रेडिओ पडद्यापाशी गेली. "आवाज कुठे चुकला?"

"आवाज झकास होता," मामी हात पुसत म्हणाली. "पण डबी नाही वाजली. मला हाक मारायची तर हे आधी टाचण्या डबीत टाकतात. टिणटिण झाली की मी हातातलं काम ठेवते."

"म्हणजे तुम्ही बोलता?"

"दुकान बंद झालं की ह्यांचं तोंड बंद होत नाही. अडखळतात ना, म्हणून वेळ लागतो. लहानपणी पोरं फार चिडवायची. तोंडात टाचण्या असल्या की गिऱ्हाइकाला वाटतं, मास्तर त्यांच्यामुळेच तुटक बोलतोय. आणि ब्लाउज घट्ट नव्हता हो, मीच जाडी झाले होते."

रेडिओ वळली. ओठांतल्या काड्यांवर हसणारे सगळे चेहरे तिला एकदम आठवले. मामाने एकेक करून टाचण्या काढल्या. डबी वाजली. ती इतकी वर्षं ह्या दुकानात येत होती, पण त्याचे नुसते ओठ तिने कधी पाहिले नव्हते.

"ह... ह..." मामाची मान ताठ झाली, डोळे मिटले. पुढचा शब्द तिच्या जिभेवर आला होता. त्याच्याच आवाजात तिने तो सहज म्हटला असता. मामी वाट बघत उभी होती; तिच्याकडे बघून तीही थांबली.

"ह... हरलीस," मामा म्हणाला.

"हरले, मामा."