दोन माणसांनी वाचायची फाईल

“अक्का गेली...” तिचा भाऊ कुरुंदवाडहून फोनवर एवढंच म्हणाला. आजार किती वाढलाय ते ठाऊक होतं, तरी मी टेबलाची कड घट्ट धरली. समोर नव्या सर्किट बोर्डाची डिव्हाइस ट्री, म्हणजे त्यावर काय काय बसवलंय ते सांगणारी फाईल, अर्धवट लिहून पडली होती. मनात पहिलं आलं ते हे, की आता माझ्यासमोर बसून ही कोण तपासणार?

सुनंदाअक्का राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या कंपनीत सगळ्यांत जुनी इंजिनिअर. मी घरातला पहिला पदवीधर. जाड इंग्रजी पुस्तक उघडलं की मला घाम फुटायचा. तिनं शेजारी बसवून शिकवलं, बोर्ड चालवणाऱ्या लिनक्स सिस्टीमपासून. “लिनक्स आंधळं असतंय बघ. बोर्डावर काय बसवलंय ते त्याला दिसत न्हाय. तू लिवशील त्येच त्याला खरं.” म्हणून इथरनेट कंट्रोलर कुठल्या पत्त्यावर आहे, त्याची इंटरप्टची, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची, तार कुठली, केबलकडची चिप कोणती, नेटवर्कवर ओळख पटवणारा मॅक ॲड्रेस काय, हे सगळं त्या फाईलमध्ये लिहून द्यायचं. अक्का कशालाच भीत नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

मग कागलच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं, लोखंड ओतायच्या कारखान्याचं, काम आलं. भट्टी थंड ठेवणारं पाणी थांबलं तर ती फुटू शकते, म्हणून पाणी थांबलं की आमच्या बोर्डानं केबिनमधल्या कॉम्प्युटरला कळवायचं. दोन भट्ट्या, दोन बोर्ड. एकेक लावून तपासले तेव्हा चोख चालले, म्हणून पाणी थांबल्यावर वाजणारा जुना भोंगा काढला होता. दोन्ही भट्ट्या तापल्यावर अक्कानं सहज म्हणून पहिल्या बोर्डाची पाण्याच्या सेन्सरची वायर उपसली. पाणी थांबल्याचा निरोप जायला हवा होता, पण केबिनमधल्या पडद्यावर हिरवा दिवा तसाच... आणि भट्टीला लागून माणसं काम करत होती.

“भट्ट्या बंद करा!” अक्का ओरडली.

फोरमन हसला. “ओ मॅडम, आत लोखंड हाय. चहाचं आधण न्हवं, उतरून ठेवाय!”

“बंद करा म्हणते की! माणसं मागं घ्या आधी!”

तिचा आवाज फाटला, तसं त्याचं हसू गेलं. भट्ट्या बंद झाल्या.

दोन्ही फाईली उघडल्या, तर मॅक ॲड्रेस एकच. पहिल्या बोर्डाची फाईल अक्कानंच दुसऱ्यासाठी उतरवून घेतली होती, त्या ॲड्रेससकट. एकाच ओळखीचे दोन बोर्ड. निरोप कधी याचा पोचायचा, कधी त्याचा. तिनं ते तिथंच दुरुस्त केलं. परतताना बसमध्ये एकदाच बोलली, “वायर उपसायचं सुचलंच नसतं तर रे?”

तेव्हापासून एकट्यानं तपासलेली फाईल आमच्याकडून बाहेर गेली नाही. मी पडद्यावरून मोठ्यानं वाचायचं, समोर अक्का बोर्डावर बोट ठेवून बसायची. “व्हय, पुढं.” मॅक ॲड्रेस आला की बोर्डावरची, तो छापलेली चिकटपट्टी ती अक्षर अक्षर ताडून बघायची. एकटा माणूस मनात आहे तेच दोन्हीकडं वाचतो, असं म्हणायची. आजारपणात बोट काटकुळं झालं, तरी त्या खुर्चीत येऊन बसायची.

नवा बोर्डही भट्टीवरच जायचा आहे. फाईल पुरी झालीय. मी मोठ्यानं वाचत जातो, मॅक ॲड्रेसपाशी थांबतो, समोरच्या खुर्चीकडं बघतो... आणि पुन्हा पहिल्या ओळीवर येतो. बोर्ड अजून टेबलावरच आहे.